अब्बांची लेथ आणि आपांचा हिस्सा

भंगारवाला आला तेव्हा आम्ही संध्याकाळचा चहा घेत होतो. त्याने मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डोकावून पाहिले, लेथच्या पायावर हातातल्या पक्कडीने टक्‌टक् केले आणि आवाजावरूनच सांगितले, "बीड आहे. पाचशे किलो धरा. पस्तीसच्या भावानं साडेसतरा हजार. रोख देतो, हमाली माझी."

साडेसतरा हजार रुपये काही लहान रक्कम नव्हती. शेडही मोकळी होणार होती.

आम्ही दोघे, म्हणजे नवरा-बायको. आमच्यातली एक माध्यमिक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरा पंपांच्या दुकानात हिशेब लिहितो. लोखंडाशी आमचा संबंध एवढाच, की आम्ही राहतो ते घर या लेथने उभे केले. मरहूम अब्बा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. १९७८ मध्ये त्यांनी ही साडेचार फुटी लेथ जुनीच विकत घेतली. तिच्यावरच्या पाटीची अक्षरे झिजली आहेत, 'बटाला' एवढा एक शब्द वाचता येतो. पंजाबातले बटाला अशा बिडाच्या मशीनसाठी प्रसिद्ध आहे. दिवसा दुसऱ्याच्या कारखान्यात आणि मगरिबनंतर स्वतःच्या शेडमध्ये, असे अब्बांनी तीस वर्षे काम केले. ऑईल इंजिनाचे बुश, पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या चरकाच्या पिना. गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला की शेडमधला दिवा रात्री बारापर्यंत जळत असे. दोन मुलांचे शिक्षण आणि आपांचे लग्न त्याच दिव्याखाली झाले, असे म्हटले तरी चालेल.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा महापूर आला. आमची वस्ती सखल भागात. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा लेथवर बोटभर गाळ बसला होता. अब्बा तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. आम्ही गाद्या, धान्य आणि मुलीची पुस्तके वाळवण्यात गुंतलो होतो. अब्बा तेलाचा डबा आणि चिंधी घेऊन शेडमध्ये दोन दिवस काहीतरी पुसत बसले होते, एवढे आठवते. नंतर त्यांच्या हातात जोर राहिला नाही. जानेवारी २०२१ मध्ये ते अल्लाहच्या रहमतीत गेले. शेडचे दार त्यानंतर क्वचितच उघडले.

पाच वाटे

अम्मी आधीच गेल्या होत्या. वारस तीन : दम्मामला नोकरी करणारे भाईजान, साताऱ्याच्या आपा आणि आम्ही. शरीयतप्रमाणे मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक, एकूण पाच. बाकीच्या गोष्टींची वाटणी मौलानांना विचारून झाली होती. लेथ तेवढी राहून गेली, कारण ती मालमत्ता आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हते. भाईजानना फोन केला, ते म्हणाले, "विकून टाका." आपा म्हणाल्या, "तुम्हाला ठीक वाटेल ते करा."

विकली असती. पण नववीतल्या आमच्या मुलीने दारातून विचारले, "दादाजानची मशीन फोडणार?" भंगारवाल्याला आम्ही रविवारी या म्हणून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री चाचांना बोलावले. चाचा अब्बांच्या शेजारच्या मशीनवर बावीस वर्षे उभे राहिलेले. आता सत्तरी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू.

आमच्यातल्या एकाने उत्साहाने चक हाताने फिरवायला घेतला तसे चाचा ओरडले, "हात काढ! आत गाळ असला तर फिरवलास की तोच बुश खाईल." त्यांनी पाना मागितला, स्पिंडलच्या पुढच्या बेअरिंगची टोपी उघडली आणि बोट आत घातले. बोट बाहेर आले ते स्वच्छ पिवळ्या तेलाने माखलेले. मागची टोपी उघडली, तिथेही तेच. गाळाचा कण नाही. चाचा बराच वेळ बोटाकडे बघत राहिले.

"पूर गेल्यावर हे कुणी धुतलं?" त्यांनी विचारले.

अब्बा दोन दिवस काय पुसत होते ते आम्हाला तेव्हा कळले. सगळी लेथ साफ करण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. म्हणून जे बिघडले तर लेथ संपली असती, तेवढेच त्यांनी वाचवून ठेवले होते.

चाचांनी बेडवरून नख फिरवले, दोन-तीन हँडले हलवून पाहिली आणि म्हणाले, "ही भंगार नाही. आहे अशी, गंजासकट, कुणी पण पस्तीस-चाळीस हजार देईल." आम्ही एक नवी वही केली होती. तिच्या पहिल्या पानावर तारीख टाकून हे वाक्य लिहून ठेवले.

रविवारी भंगारवाल्याला नाही म्हटले. त्याच दिवशी साडेसतरा हजारांचे पाच वाटे करून आपांना ३,५०० आणि भाईजानना ७,००० रुपये पाठवले. लेथ आमची झाली.

मशीनची आई

लेथ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कातारी लाकूड फिरवतो आणि त्याला पटाशी लावून लाटणे, पाळण्याचे खूर किंवा भोवरा काततो. लेथचे मूळ तेच, फक्त इथे लोखंड फिरते. चकमध्ये धरलेला तुकडा फिरतो आणि समोरून हत्यार त्याला कापत जाते. कातारी पटाशी हाताने धरतो. लेथमध्ये हत्यार एका जड सरकत्या भागावर आवळलेले असते. तो भाग बेडवरून, म्हणजे रुळांसारख्या दोन लांब पट्ट्यांवरून, सरकतो. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली यांनी लांब स्क्रू, बदलते गिअर आणि सरकते हत्यार यांची अशी सांगड घातली, की एकसारखे आटे यंत्रानेच पाडता येऊ लागले. एका कारखान्यातला नट दुसऱ्या कारखान्यातल्या बोल्टला बसतो, याची सुरुवात तिथून झाली. लेथवर दुसऱ्या मशीनचेच नव्हे, लेथचे स्वतःचेही बरेच भाग करता येतात. म्हणून कारागीर तिला मशीनची आई म्हणतात.

कोल्हापूरला हे नवे नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेजारच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथे लोखंडी नांगर घडू लागले. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला. म्हादबा मेस्त्रींचे नाव उद्यमनगरात आजही आदराने घेतात. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी सतार आणि तंबोरे घडवायला घेतले आणि देशभर नाव कमावले. शाळेत न शिकलेल्या किंवा थोडेच शिकलेल्या कितीतरी हातांनी हा मुलूख उभा केला आहे. त्या हातांना जे ठाऊक होते ते मात्र फार थोड्यांनी लिहून ठेवले.

पैले नाप, फिर घिस

कामाची वेळ ठरली : रविवारी सकाळी आणि आठवड्यातून दोन दिवस मगरिबनंतर. चाचांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "पैले नाप, फिर घिस." आधी मोज, मग घास. उघडायच्या आधी प्रत्येक भागाचा फोटो, उघडल्यावर प्रत्येक बोल्ट त्याच्या चिठ्ठीसह वेगळ्या डब्यात. घरातले जुने टिफिनचे डबे या कामी लागले. मुलगी वहीत लिहू लागली : कोणता भाग, कुठे गंज, कुठे झीज, काय मोजले.

नियम पाठ होता, तरी आम्ही तो मोडला. चाचा दोन आठवडे मुलाकडे पुण्याला गेले होते. बेडच्या टोकाकडचा गंज रॉकेलने निघता निघत नव्हता. आम्ही भाड्याने हँड ग्राइंडर आणला, त्याला घासायची चकती लावली आणि दहा मिनिटांत बेडचा टोकाकडचा वीतभर भाग आरशासारखा चमकवला. फार समाधान वाटले. फोटोही काढला.

चाचा आले, नख फिरवले आणि काही न बोलता डायल गेज लावला. हे घड्याळासारखे माप. काटा एक घर हलला की मिलिमीटरचा शंभरावा भाग. आम्ही चमकवलेल्या जागी काटा आठ घरे खाली गेला. वहीचे पान साधारण तेवढेच जाड असते. पानभर खोली म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण बेड ही लेथची पट्टी आहे. पट्टीच वाकडी असेल तर तिने आखलेली रेघ सरळ कशी येणार?

"गंज वर बसला होता," चाचा म्हणाले. "तो रॉकेल आणि सबुरीनं निघाला असता. तुमच्या चकतीनं गंज पण नेला आणि लोखंड पण. गंज परत येईल. लोखंड येणार नाही."

नशीब एवढेच, की ती जागा बेडच्या अगदी टोकाची होती, जिथे हत्यार क्वचितच पोहोचते. खोलगट तशीच ठेवली आहे. ती भरून काढण्याचा सोपा उपाय नाही. ग्राइंडर त्याच संध्याकाळी परत केला.

गंज काढण्याची घरगुती रीत

मोठ्या भागांचा गंज आम्ही रॉकेल, पितळी ब्रश आणि तेलात बुडवलेल्या बारीक पॉलिश पेपरने काढला. सुटे भाग म्हणजे हँडले, बोल्ट, ब्रॅकेट यांच्यासाठी चाचांच्या मुलाने वेगळी रीत दाखवली. ती वाचकांनाही उपयोगी पडेल. पूर आला की घरोघरी विळे, कुदळी आणि पाने गंजतातच.

प्लॅस्टिकची बादली घ्यावी. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. मीठ घालू नये. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची उणे तार गंजलेल्या वस्तूला आणि अधिक तार एखाद्या जुन्या लोखंडी पत्र्याला जोडून दोन्ही पाण्यात सोडावे, मात्र ते एकमेकांना लागू देऊ नयेत. वस्तूभोवती बुडबुडे येतात, काही तासांत गंज सैल होऊन काळा थर उरतो, तो ब्रशने निघतो. या रीतीत चांगले लोखंड जवळजवळ अजिबात जात नाही.

जपायच्या गोष्टी चार. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घेऊ नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून बादली उघड्यावर ठेवावी आणि जवळ विस्तव नसावा. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. स्प्रिंगा आणि कडक पाणी दिलेली हत्यारे यात टाकू नयेत, ती ठिसूळ होऊ शकतात. वस्तू बाहेर काढली की लगेच धुऊन, कोरडी करून तेल लावावे. नाही तर तासाभरात पुन्हा तांबडी होते.

आणखी एक. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासून त्याची धूळ घरात उडू देऊ नये. आम्ही रंग ओला करून खरवडला आणि त्या वेळी मुलीला शेडबाहेर ठेवले.

झीज वाचणे

गंज गेल्यावर झीज दिसू लागली. झीज सगळीकडे सारखी नसते. बहुतेक कामे आखूड असतात, म्हणून हत्यार चकच्या जवळच सर्वांत जास्त फिरते आणि बेड तिथेच झिजतो. त्यामुळे सरकता भाग चकजवळ सैल आणि दुसऱ्या टोकाला घट्ट होतो. सैल आहे म्हणून तिथे आवळावा, तर तो पुढे जाऊन अडकतो. तिशीतल्या अब्बांपासून साठीतल्या अब्बांपर्यंतचे सगळे काम त्या हातभर जागेत लिहिलेले होते. बेड मोठ्या कारखान्यात नेऊन ग्राइंड करून घेता आला असता, पण त्याचा खर्च आणि वाहतूक लेथच्या किमतीच्या बाहेर जात होती. चाचा म्हणाले, "बेडला हात लावू नका. तुमच्या अब्बांना ठाऊक होतं कुठं किती मोजायचं. तुम्ही पण शिका."

जे बदलण्यासारखे होते ते बदलले. आडव्या सरकपट्टीचे हँडल पाव फेरा मोकळे फिरत असे, कारण आतल्या गनमेटलच्या नटाचे आटे खाल्ले गेले होते. उद्यमनगरातल्या एका टर्नरने नवा नट करून दिला, २,६०० रुपये. पुरात हरवलेले दोन गिअर ३,४०० ला मिळाले. चकच्या दुरुस्तीला २,७०० आणि पट्ट्याला ९०० लागले. मोटर पुन्हा भरून घेतली, ३,८००. तेल, रॉकेल, रंग, पॉलिश पेपर मिळून ३,१००. वायरिंग मात्र आम्ही स्वतः केले नाही. जुन्या वायरींचे रबर बोट लावताच सोलून पडत होते. परवानाधारक वायरमनकडून नवी वायर, स्विच आणि अर्थिंग करून घेतले, २,९००. एकूण १९,४०० रुपये. चाचांनी मजुरी घेतली नाही. त्यांची रिक्षा आणि संध्याकाळची बिर्याणी आमच्याकडे.

सरकपट्टीखालची पट्टी चाचांनी मुलीच्या हातून बसवून घेतली. सपाट पाटावर निळा रंग पातळ लावायचा, त्यावर पट्टी घासायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळे डाग उमटतात. तेवढेच डाग स्क्रेपरने हलके खरवडायचे, पुन्हा रंग, पुन्हा डाग. पहिल्या दिवशी तीन मोठे डाग होते. नवव्या संध्याकाळी पट्टीभर बारीक ठिपके उमटले तेव्हा चाचांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे तुझ्या बापाला कधी जमलं नसतं."

मुलीच्या बापाने ते हसून मान्य केले.

मशीन फिरू लागण्याआधी नियमांचा कागद भिंतीवर लावला. ओढणी काढून ठेवायची, केस घट्ट बांधायचे, बाह्या कोपराच्या वर. फिरत्या मशीनजवळ हातमोजे नाहीत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. डोळ्यांना चष्मा. चकची चावी चकमध्ये विसरायची नाही. ती हातात असते किंवा खुंटीला, तिसरी जागा नाही. पट्ट्याला जाळीचे झाकण. मोठे माणूस शेडमध्ये नसेल तर मुलीने स्विचला हात लावायचा नाही.

सरळपणाची परीक्षा

चौदा महिन्यांनी मोटर सुरू केली. पट्ट्याचा तो फट्‌फट् आवाज ऐकून शेजारच्या खाला भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भाई आले की काय!" आणि मग स्वतःच गप्प झाल्या.

खरी परीक्षा पुढे होती. चाचांनी लोखंडी सळई चकमध्ये धरली. दुसऱ्या टोकाला आधार दिला नाही. सळईवर एकमेकांपासून वीतभर अंतरावर दोन कडी ठेवून मधला भाग बारीक केला आणि मग हत्यार न हलवता दोन्ही कड्यांवरून एकच हलका काप घेतला. लेथ सरळ असेल तर दोन्ही कड्यांची जाडी सारखी यायला हवी. मुलीने मायक्रोमीटरने मोजली. फरक सात शतांश मिलिमीटर.

दोष झिजेचा नव्हता. शेडची फरशी पुरात एका बाजूला खचली होती, त्यामुळे बेडला किंचित पीळ पडला होता. पाचशे किलोचे बीडही पिळले जाते, हे आम्हाला माहीत नव्हते. एका पायाखाली पत्र्याची पातळ चकती सारली, बोल्ट आवळले, पुन्हा काप घेतला. चार शतांश. आणखी एक चकती. दोन शतांश. चाचा म्हणाले, "बस. तुमच्या अब्बांच्या वेळी पण एवढाच होता."

त्याच आठवड्यात एका वर्कशॉपचे मालक लेथ बघून गेले आणि ८५,००० रुपये देऊ म्हणाले.

वहीचे पहिले पान

मुलगी खर्चाची बेरीज करत होती. पाने मागे उलटत ती पहिल्या पानापर्यंत आली आणि विचारले, "चाचांनी चाळीस हजार सांगितले होते. मग फुफीला साडेतीन हजारच कसे दिले?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर आम्हा दोघांना ठाऊक होते, आणि ते ठाऊक असल्याचेही दोघांना ठाऊक होते. ज्या दिवशी चाचा बोलले त्या रात्री याच विषयावर आम्ही बोललो होतो. तेव्हा आम्ही स्वतःला समजावले : भाईजान स्वतःच विकून टाका म्हणाले, आपांनी आमच्यावर सोपवले, खर्च आणि मेहनत आमची होणार, शिवाय लेथ पुन्हा चालेल याची खात्री कुठे? प्रत्येक मुद्दा खरा होता. पण आपांनी होकार दिला तो साडेसतरा हजारांच्या भंगाराला. चाळीस हजारांची लेथ आहे हे आम्ही त्यांना सांगितलेच नाही. लेथला हात लावण्याआधी मोजायचे, हे आम्ही वहीत ठळक अक्षरांत लिहिले होते. बहिणीचा हक मात्र न मोजता घासून टाकला होता.

ओळखीच्या मौलानांना सगळे सांगितले. ते म्हणाले, पुढे किंमत वाढली ती तुमच्या पैशांची आणि मेहनतीची, तिच्यात त्यांचा हिस्सा नाही. पण वाटणीच्या दिवशी खरी किंमत ठाऊक असताना कमी सांगणे, हे देणे तुमच्यावर आहे. आम्ही वरचा आकडा धरला. चाळीस हजारांचे पाच वाटे : आपांचे ८,०००, त्यातले ३,५०० दिलेले, बाकी ४,५००. भाईजानचे १६,०००, बाकी ९,०००.

भाईजान फोनवर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे पाठवा. पण मी पण न बघताच विकून टाका म्हणालो होतो, ते पण वहीत लिहा."

आपांकडे मात्र फोन पुरणार नव्हता. आम्ही साताऱ्याला गेलो, पाकीट समोर ठेवले आणि सांगितले. असू दे, घरचीच गोष्ट आहे, असे त्या म्हणतील असे वाटले होते. खरे सांगायचे तर आम्हाला तेच ऐकायचे होते. आपांनी पाकीट उघडले, नोटा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

"माझा हक आहे, मी घेते," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी मला या पैशांची फार गरज होती. तुम्हाला सांगितलं नाही."

आम्ही माफी मागितली. त्यांनी मान हलवली. माफ केले असे तोंडाने म्हणाल्या नाहीत. जेवायला वाढले.

महिन्याभराने आपा स्वतः कोल्हापूरला आल्या. रिक्षातून एक जड पिशवी उतरवली. आत अम्मींचे हाताने चालवायचे शिलाई मशीन होते, लग्नात आपांना दिलेले. हँडलची पिन तुटून ते बरीच वर्षे माळ्यावर पडले होते. सरळ शेडमध्ये जाऊन त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि भाचीला म्हणाल्या, "बघू, तुझ्या दादाजानची लेथ काय करते."

मुलीने ओढणी काढून खुंटीला अडकवली, चष्मा चढवला, तुटकी पिन मायक्रोमीटरमध्ये धरली आणि आकडा वहीत लिहिला. मग तिने ती पुन्हा मोजली. आपा स्टुलावर बसून बघत होत्या. पिन तयार व्हायला पाऊण तास लागला. ती भोकात बसली तेव्हा आपांनी हँडल एक फेरा फिरवले, सुई खाली गेली आणि वर आली.

वही शेडमध्येच असते. त्या दिवशीच्या पानावर एवढेच लिहिले आहे : अम्मींच्या मशीनची पिन, एक नग, मजुरी नाही.